हिरव्या दोऱ्याची चाळीस जॅकेटं

६ जानेवारी

प्रिय ताई,

आधी मशीन बंद कर आणि मग वाच, नाहीतर सुई बोटात घुसेल. आम्ही तिघं एप्रिलमध्ये सुट्टीला चाललोय. कुठे म्हणशील तर थेट कॅरिबियन समुद्रात, तुझ्या बेटावर.

तुझं नाही तर कोणाचं? गेल्या वर्षी ठकीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तू चार दिवस येऊन राहिलीस आणि परत गेल्यावर तिला चित्र काढून पाठवलंस, ते आठवतंय ना? जहाज, खोकी, ताडाची झाडं. खाली लिहिलं होतंस की मावशीने शिवलेली लहान मापाची लाइफ जॅकेटं या बेटावर गेलीत, आणि ज्याच्या कॉलरच्या आत हिरवा दोरा दिसेल ते मावशीचं. ते चित्र अजून तिच्या पलंगाशी चिकटवलेलं आहे. वर्षभर रोज एकच भुणभुण, 'आपण मावशीच्या बेटावर कधी जायचं?' शेवटी हे कंटाळले आणि तिकिटं काढून आले.

तिथे तळाला काच लावलेली बोट असते म्हणे. खाली बघितलं की मासे. ठकीला अजून पोहता येत नाही, पण ती म्हणते मावशीचं जॅकेट असताना पोहायला कशाला शिकायचं. आमच्या दवाखान्यात दात काढायला येणाऱ्यांनासुद्धा मी हे सगळं सांगत सुटलेय. तोंड उघडं असतं, बिचारे काही बोलू शकत नाहीत. फोन केला असता, पण तुझ्या कानांना तो ऐकू येत नाही. तेव्हा लवकर लिही.

तुझी छकू

१५ जानेवारी

प्रिय छकू,

पत्र मिळालं. आनंद झाला असं लिहिणार होते, पण तुझ्याशी कधी खोटं बोलले नाही. इतक्या लांब कशाला? ठकी आठ वर्षांची. तिचं पोट फाडून शिवलंय त्याला वर्ष होतंय. तिथे वादळं होतात, घरांची छपरं उडतात असं ऐकलंय. डास असतात. पाणी कसलं असेल कोण जाणे.

डोंगरात जा ना कुठेतरी. थंड हवा असते, घोडे असतात. ठकीला घोडे आवडतात.

आणि जायचंच असलं तर किनाऱ्यावर बसा. वाळूत खेळू दे तिला. बोट नको. काचेची तर मुळीच नको.

इकडे सगळं ठीक आहे. नवीन ऑर्डर आलीय, मान दुखते.

ताई

२४ जानेवारी

प्रिय ताई,

काचेची बोट म्हणजे काचेचा ग्लास नव्हे गं बाई. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, तुझ्या ताईला तिकीट कंपनीने नोकरीवर ठेवू नये, गिऱ्हाईक पळून जाईल. वादळं जूननंतर येतात. एप्रिलमध्ये समुद्र तव्यासारखा सपाट असतो, असं तिकिटांच्या बाईने सांगितलंय. घोड्यांना ठकी आता घाबरते.

पण मी विचार केला. तू उगीच असं लिहिणाऱ्यातली नाहीस. लहानपणी मी तळ्यात पडले आणि तू वेणी धरून मला ओढलंस, तेव्हापासून तुला पाण्याचं वावडं आहे, हे एक. पण दुसरं खरं. आम्ही तिघंच चाललो, तुला साधं विचारलंही नाही, हे तुला लागलं. लागणारच. माझंच चुकलं.

म्हणून आज तुझंही तिकीट काढलं. सोबत पाठवतेय. नाही म्हणायचं नाही. बावीस वर्षं लोकांनी बुडू नये म्हणून शिवतेयस आणि समुद्र एकदाही पाहिला नाहीस, हे काय बरं दिसतं?

छकू

३ फेब्रुवारी

छकू,

मला काही लागलेलं नाही. तिकीट परत कर. मी येणार नाही.

एक गोष्ट मागते, ती कर. ठकीला त्या बेटावर कोणत्याच बोटीत बसवू नकोस. आणि बसलीच तर तिथलं जॅकेट घालू नकोस. तिथली लहान मापाची जॅकेटं चांगली नाहीत. तुमच्या गावातूनच चांगलं, नवं विकत घे आणि सोबत ने. पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघ. पूर्ण ताकदीने ओढ, लाजू नकोस.

मला का विचारू नकोस. हल्ली माझं जेवणात लक्ष नसतं. कारखान्यात तयार झालेलं प्रत्येक जॅकेट उचलून मी पट्टे ओढत बसते. शेजारची म्हणाली, 'तुला काय भूतबाधा झालीय का?' सगळ्या हसल्या. मीही हसले.

ठकीची शपथ आहे तुला.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

माझ्या मुलीची शपथ घालायचं काही कारण नव्हतं. ते वाक्य वाचून दिवसभर दवाखान्यात एकाची वेळ दुसऱ्याला देत होते.

तिथली जॅकेटं चांगली नाहीत म्हणजे काय? तिथली लहान जॅकेटं तूच शिवलीस ना? की ठकीला खोटं लिहिलं होतंस? तुला कोणी काही बोललं का? बरं नाही का? हे म्हणतात, एकटी राहून राहून तिच्या मनाने भलतंच घेतलंय, तिला डॉक्टरला दाखव. मी त्यांच्याशी भांडले. पण खरं सांगू, मलाही तसंच वाटायला लागलंय.

काय असेल ते सरळ लिही. अर्धं लिहून मला घाबरवू नकोस. ठकी दाराआडून विचारत होती, 'मावशी माझ्यावर रागावलीय का?' तिला काय सांगू?

छकू

२० फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितेय. ह्यांची एप्रिलची रजा रद्द झाली. आम्ही एक मार्चलाच निघतोय, पंधरा दिवसांसाठी. तुझं तिकीट मी हलवलेलं नाही, ते एप्रिलचंच आहे. यायचं तर ये, नाहीतर फाडून टाक. तुझं उत्तर अजून नाही. आता मी वाट बघत नाही.

छकू

२२ फेब्रुवारी

प्रिय छकू,

सरळ लिही म्हणालीस, लिहिते. हे पत्र रजिस्टर करतेय. एप्रिलला अजून वेळ आहे, एवढाच आधार आहे मला.

जॅकेटाला पट्टा जोडताना आधी एक साधी टीप मारतात. ती फक्त पट्टा जागेवर राहावा म्हणून. मग माझं काम. त्यावर चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची. माणसाचं वजन ती फुली पेलते. पाण्यातल्या माणसाला वर ओढतात ते त्या पट्ट्याला धरून. फुली झाली की पट्ट्याच्या टोकाला खडूची रेघ ओढायची. रेघ बघून पुढच्या टेबलावरची त्यावर कापडी झाकण शिवते. झाकण बसलं की आतलं काही दिसत नाही. तपासणीच्या बाईही रेघच बघतात.

दर वेळी सुई थांबवून खडू उचलायचा म्हणजे हाताची लय मोडते. म्हणून मी सकाळीच अख्ख्या ढिगाच्या कॉलरींत माझ्या खुणेचा हिरवा टाका घालायची, रेघा ओढून ठेवायची आणि मग एका दमात शिवायची. सगळ्याच जुन्या बायका असं करतात. वीस वर्षांत कधी काही चुकलं नाही. चुकणार नाही याचा मला गर्व होता, तो लिहून टाकते.

त्या दिवशी चाळीस लहान जॅकेटांना रेघा ओढल्या आणि खडू ठेवला, तेवढ्यात ऑफिसातला माणूस चिठ्ठी घेऊन आला. तुझ्या नवऱ्याचा फोन होता, ठकीला हॉस्पिटलात नेलंय, ऑपरेशन आहे. मी मशीनवरून उठले ती तशीच स्टेशनवर. एकही फुली मारली नव्हती, छकू. ढीग मला दिसलाच नाही. मला फक्त ठकी दिसत होती.

परत आले तेव्हा टेबल मोकळं होतं. पुढच्या बाईने रेघा बघून झाकणं शिवली होती, तपासणी झाली होती, खोकी गेली होती. कुठे गेली म्हणून विचारलं, तर त्या बेटाचं नाव सांगितलं. बोलायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, 'नाव छान आहे, कसं लिहितात?' मग घरी येऊन ठकीला चित्र काढलं. त्यातली ताडाची झाडं वाकडी का आलीत, ते आता तुला कळेल. सगळं छान आहे असं तिला सांगितलं की मलाही ते खरं वाटेल, असं काहीतरी डोक्यात होतं. त्या चित्रामुळेच तुम्ही निघालात. मीच बोलावलं तुम्हाला.

काल सुपरवायझरना सांगितलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, 'वर्ष झालं, तक्रार आली नाही. तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही.' मी म्हटलं, तक्रार करायला माणूस पाण्याबाहेर यावा लागतो. आज मालकांकडे जातेय. खोकी ज्याच्या नावाने गेली, त्या बेटावरच्या बोटवाल्याला मी दोन पत्रं टाकलीत. त्याला आपली भाषा कुठली यायला. चित्र काढून पाठवलंय, पट्टा, चौकोन, फुली.

कॉलरच्या आत हिरवा दोरा असेल ते जॅकेट माझं. त्याला कोणत्याच मुलाने हात लावू नये.

तुझी ताई

२ मार्च

छकू,

एक मार्चला निघणार असं तुझं पत्र काल दुपारी हातात पडलं. तशीच चपला घालून फोनच्या दुकानात गेले. दुकानदाराने नंबर लावून दिला. कानाला लावलं, पण तू उचललास की नाही तेच मला कळेना. घूं घूं एवढंच. म्हणून मी नुसती ओरडत राहिले, 'बोटीत बसू नका, माझं जॅकेट घालू नका.' दहा वेळा ओरडले असेन. दुकानातले लोक बाहेर जाऊन उभे राहिले. मग दुकानदाराने माझ्या हातातून रिसीव्हर हळूच काढून घेतला आणि मान हलवली. तिकडे कोणीच नव्हतं.

तार केली, ती रिकाम्या घरी जाईल. हॉटेलचं नाव तू लिहिलं नाहीस. हे पत्रही तुझ्या घरीच टाकतेय. तू कधी वाचशील देव जाणे. पण लिहिलं नाही तर मी काय करू?

ताई

५ मार्च

ताई,

ठकी ठीक आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

तुझं जाड पाकीट आम्ही निघताना दारातच मिळालं. मला वाटलं, आलं आणखी एक भाषण. न फोडता पर्समध्ये कोंबलं. इथे आलो, समुद्र पाहिला आणि राग विसरले. काल सकाळी काचेच्या बोटीत गेलो. हो, ठकीला घेऊन. धक्क्यावर जॅकेटांचा ढीग होता. बोटवाला म्हातारा आहे, गवती टोपी घालतो, ठकीने त्याचं नाव टोपीआजोबा ठेवलंय. तो तिला वरचं जॅकेट देत होता, ते तिने घेतलं नाही. ढिगात डोकं खुपसून एकेक कॉलर उलटी करत बसली. मग ओरडली, 'मिळालं!' हिरवा दोरा. सगळ्या बोटीला दाखवला. हे म्हणाले, बघ, तुझ्या ताईचा हात इथपर्यंत पोचलाय. दोन तास ती काठावर वाकून मासे बघत होती, आणि मी तिचा पट्टा धरून बसले होते. पट्टा धरलाय म्हणून निश्चिंत होते.

संध्याकाळी पर्समध्ये पेन शोधताना पाकीट हाताला लागलं. वाचून झाल्यावर मी रात्रभर ठकीच्या उशाशी बसून राहिले.

आज उजाडताच ह्यांच्याबरोबर ठकीला घेऊन धक्क्यावर गेले. म्हाताऱ्याला माझी भाषा कळेना. मग मी ढिगातलं एक हिरव्या दोऱ्याचं जॅकेट उचललं, एक पट्टा त्याच्या हातात दिला आणि जॅकेट माझ्याकडे ओढलं. फार जोर लावावा लागला नाही. जुनी नाडी तुटावी तसा पट्टा सुटला आणि त्याच्या हातात राहिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. टोपी काढली. दोन दिवसांपूर्वी त्याने त्याच पट्ट्याला धरून एका पोराला धक्क्यावर उचललं होतं, असं त्याने हातवारे करून दाखवलं.

मग त्याने खिशातून तुझं चित्र काढलं. पत्र पोचलं होतं, ताई. त्याला वाटलं होतं, कोणीतरी नक्षी पाठवलीय.

तीस जॅकेटं आम्ही शेडमध्ये टाकून कुलूप घातलं. बाकीची त्याच्या पुतण्याच्या बोटीवर, बेटाच्या पलीकडच्या बाजूला. त्याने निरोप पाठवलाय. ती बोट शाळेची मुलं नेते म्हणे. मी हे लिहितेय आणि सारखी समुद्राकडे बघतेय.

मला तुझा इतका राग आलाय की लिहवत नाही. आणि तू इथे असायला हवी होतीस असंही वाटतंय. त्याने खुणेने विचारलं, हे नीट कोण करणार? मी सांगितलं, माझी बहीण येईल. तुला न विचारता सांगितलं.

छकू

१२ एप्रिल, बेटावरून

प्रिय छकू,

तू सांगितलंस, म्हणून आले. तू काढलेलं तिकीट फाडलं नव्हतं. मालकांना सगळं लेखी दिलं. त्यांनी मला काढलं नाही, पण माझा खडू मीच टेबलावर ठेवून निघाले. आता पुढच्या बाईला चौकोन-फुली दाखवल्याशिवाय कोणाचंच जॅकेट पुढे जात नाही, एवढं त्यांनी केलं.

आठ दिवस शेडमध्ये बसून तीसही जॅकेटांची झाकणं उसवली. जाड सुईने, मेणाच्या दोऱ्याने हातानेच फुल्या मारल्या. टोपीआजोबा प्रत्येक जॅकेट दारावरच्या हुकाला अडकवून स्वतः लोंबकळून बघतात, मग मान हलवतात. आम्हा दोघांना बोलायची गरज पडत नाही. माझे कान इथे कोणाला खटकत नाहीत.

पलीकडच्या बाजूला जायला रस्ता नाही, बोटीनेच जावं लागतं. गेले. डोळे मिटून गेले. पुतण्याची बोट धक्क्याला लागली तेव्हा मी पोरांच्या कॉलरी उलट्या करत सुटले. त्यांची बाई मला वेडी समजून ढकलायला लागली. नऊ मिळाली. नऊच्या नऊ शिवून झाली.

तीस आणि नऊ, एकोणचाळीस. पाठवली होती चाळीस. एक नाही.

मी म्हाताऱ्याला चाळीसचा आकडा लिहून दाखवला. त्यांनी खांदे उडवले आणि समुद्राकडे हात केला. वाहून गेलं असेल. छकू, ते रिकामंच गेलं असेल ना? रोज सकाळी मी धक्क्यावर बसते. जेवढी नारिंगी जॅकेटातली पोरं दिसतात, त्यांच्या मागे जाते. दुपारी शेवटच्या टोकाच्या वाळूत चालत जाते, काही वाहून आलंय का बघायला. परवा लांबून नारिंगी काहीतरी दिसलं. जवळ गेले तर बादली होती. मी तिथेच बसून रडले.

सोळाला परत निघायचं आहे. चाळीसावं मिळाल्याशिवाय मी कशी येऊ?

ताई

२० एप्रिल

प्रिय ताई,

चाळीसावं मिळालं. तुला बेटावर तार करून आलेय. तार वेळेत पोचली नसेल, तू निघालीही असशील, म्हणून हे पत्र तुझ्या घरी टाकतेय. दार उघडल्यावर पहिलं हेच दिसू दे.

तुझं पत्र आज दुपारी चार वाजता आलं. मी ठकीला आणायला निघतच होते. तिला या आठवड्यापासून पोहायच्या वर्गाला घातलंय. ते सगळं झाल्यावर मीच हट्ट धरला. जिन्यातच पत्र फोडलं. तीस, नऊ, एक नाही, इथपर्यंत वाचलं आणि मी पायरीवरच थांबले. आज सकाळी ठकीची पोहायची पिशवी एवढी फुगलेली का होती? मी विचारलं तर म्हणाली, टॉवेल आहे.

मी त्या रस्त्याने कशी धावले मला आठवत नाही. तलावाशी पोचले तर पोरं रांगेत उभी होती, खोल बाजूला. शिकवणारी बाई पुढच्या मुलीला उडी मारायला सांगत होती. त्यानंतर ठकीचा नंबर. अंगात नारिंगी जॅकेट. मागून पट्टा धरला. ताई, तो माझ्या मुठीत आला आणि ठकी पुढे गेली. दुसऱ्या हाताने मी तिची वेणी पकडली.

ती खूप रडली, दुखलं म्हणून. मग हळूहळू सगळं सांगितलं. बेटावर आम्ही सगळी जॅकेटं शेडमध्ये टाकत होतो, मी तुझ्या नावाने रागावून बोलत होते, टोपीआजोबा डोक्याला हात लावून बसले होते. तिला वाटलं, मावशीची सगळी जॅकेटं आपण फेकून देतोय. म्हणून तिचं तिने बॅगेत कपड्यांखाली लपवलं. दीड महिना तिच्या खेळण्यांच्या पेटीत होतं, माझ्या डोळ्यांसमोर. मला म्हणाली, 'तू मावशीशी भांडलीस, मी नाही भांडले.'

मी तिच्यावर ओरडले नाही. तुझ्यावरही आता ओरडायचं राहिलं नाही. त्या दिवशी चिठ्ठी आल्यावर तू ढीग संपवून उठली असतीस, तर मीच तुला जन्मभर माफ केलं नसतं. हे मला आज त्या तलावाच्या काठावर कळलं, वेणी हातात असताना. ह्यांनाही सांगितलं. ते बराच वेळ तो सुटलेला पट्टा बोटांत फिरवत बसले होते.

जॅकेट कपाटात ठेवून कुलूप घातलंय. किल्ली माझ्या गळ्यात आहे. ठकीला सांगितलंय की मावशी येऊन शिवेल, मग घालायचं. तेव्हा घरी बॅगसुद्धा उघडू नकोस, तशीच इकडे ये. सुई आण, मेणाचा दोरा आण. खडू आणू नकोस.

तुझी छकू